आधी अंतर, मग लेन्स

पोरी, दुकानात गेलीस की ‘पोर्ट्रेटसाठी चांगली टेली दाखवा’ असं म्हणू नकोस. तसं म्हटलंस तर दुकानदार कपाटातली सगळ्यात महाग लेन्स काढून तुझ्यापुढे ठेवेल, आणि त्यात त्याची चूक काहीच नसेल. घरून निघतानाच एक गोष्ट ठरव: ज्याचा चेहरा टिपायचा त्याच्यापासून आपण किती फुटांवर उभं राहणार? ते ठरलं की लेन्सचा आकडा मागोमाग येतो.

कसं ते सांगतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण ५ इंच धर. दीड फुटावरून फोटो घेतलास तर कॅमेऱ्यापासून नाक १८ इंचांवर आणि कान २३ इंचांवर. म्हणजे कानाच्या मानाने नाक पाव हिश्श्याहून जास्त मोठं येणार. सेल्फीत नाक फुगतं ते याच हिशोबाने. ६ फुटांवर गेलीस की हा फरक ७ टक्क्यांवर येतो, २० फुटांवर जेमतेम २ टक्के उरतो. चेहऱ्याचा आकार तुझ्या उभं राहण्याच्या जागेवर ठरतो. टेलीचं काम एवढंच, की मागे सरकूनही चौकट चेहऱ्याने भरलेली राहते. पण फार मागे जाण्यातही अर्थ नाही. २० फुटांवरून नाक, गाल, कान सगळं एका पातळीवर आल्यासारखं दिसतं, उठाव जातो. मी स्वतः ५ ते ८ फुटांत रमतो. चेहरा गोल असेल तर ५ कडे, म्हणजे कान मागे जाऊन चेहरा जरा निमुळता दिसतो. नाक मोठं असेल तर ८ च्याही थोडं मागे.

आता हे तुझ्या कॅमेऱ्याला लावून बघ. तुझी बॉडी कॅननची, क्रॉप सेन्सरची. तिथे आकड्याला १.६ ने गुणायचं, म्हणजे ५० एमएमची लेन्स ८० सारखी चौकट देते आणि ८५ ची १३६ सारखी. कॅमेरा उभा धरून डोकं-खांदे घ्यायचे तर ५० ला साडेचार फूट लागतात, ८५ ला ८ फूट आणि २५० ला जवळजवळ २३ फूट. हे फूट आधी घरात मोजून घे. आपली खोली १० बाय १२ ची. तिथे ८५ वर डोकं-खांदे बसतात, पण कंबरेपर्यंत घ्यायला गेलीस की पाठ भिंतीला टेकते. उभा पूर्ण माणूस हवा असेल तर २५ फूट लागतील, म्हणजे अंगण किंवा गच्चीच गाठायला हवी. ‘पोर्ट्रेट म्हणजे ८५’ हे तू सगळीकडे ऐकशील. ते फुल फ्रेमवाल्यांचं गणित आहे. घरात काम करायचं असेल तर तुला ५० पुरे, आणि ती स्वस्तही आहे.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात सहसा कोणी सांगत नाही. तुझ्याकडे ५५-२५० ची झूम पडून आहे ना? ती ‘स्लो’ आहे म्हणून तू तिला बाजूला ठेवलीस. मागचं दृश्य किती विरघळणार हे नुसत्या एफच्या आकड्यावर ठरत नाही. लेन्सच्या एमएमला एफच्या आकड्याने भाग आणि जे येईल ते बघ. ५० ला १.८ ने भागलं की २८. ८५ ला १.८ ने भागलं की ४७. आणि २५० ला ५.६ ने भागलं की ४५! चेहरा चौकटीत तेवढाच ठेवलास तर दूरची झाडं-घरं तुझ्या पडून राहिलेल्या झूमवर जवळजवळ ८५ एफ १.८ इतकीच मऊ होतील. शिवाय एफ ५.६ मुळे चेहरा फेट्यासकट धारदार राहील. फक्त २३ फूट मोकळी जागा हवी, भरपूर उजेड हवा, आणि माणूस भिंतीला खेटून उभा नको. मागचं जितकं दूर तितकं ते विरघळतं. म्हणून नवीन लेन्सला पैसे घालण्याआधी माणसाला भिंतीपासून १० पावलं पुढे आणून बघ. टेलीला मागचा तुकडाही अगदी छोटा दिसतो, त्यामुळे तू फूटभर डावी-उजवीकडे सरकलीस तरी डोक्यामागचा विजेचा खांब चौकटीबाहेर जातो. हे सरकणं अंगवळणी पाड.

एफ १.८ चा मोह सगळ्यांना होतो. ८५ वर, ८ फुटांवरून, एफ १.८ ला स्पष्ट येणारी जाडी सुमारे २ इंच असते. एफ ४ ला ती ५ इंचांच्या आसपास जाते, म्हणजे नाकापासून कानापर्यंत. लग्नातली नवरी डोळ्यांसमोर आण. नथ डाव्या नाकपुडीतून पुढे आलेली, डोळे त्याच्या मागे, मुंडावळ्या दोन्ही गालांवरून लोंबणाऱ्या. तिने मान थोडी वळवली की जवळची मुंडावळी नेमकी जवळच्या डोळ्यापुढे येते आणि कॅमेरा खुशाल मोत्यांवर फोकस धरतो. मागच्या छोट्या पडद्यावर फोटो झकास दिसतो, मोठा प्रिंट काढला की डोळे मेणासारखे मऊ निघतात. म्हणून फोकसचा एकच बिंदू निवड, तो जवळच्या डोळ्यावर ठेव, आणि फोकस धरून झाल्यावर चौकट फिरवू नकोस. तेवढ्या फिरवण्यातही त्या दोन इंचांतलं थोडं निसटतं. नवरीला एफ २.८ च्या खाली मी जातच नाही, आणि नथ व डोळे दोन्ही हवे असतील तर सरळ ४. मागून ऊन असेल तर १.८ वर मोत्यांच्या कडेला जांभळी रेघ येते. तीही २.८-४ ला बरीच जाते.

स्टीव्ह मॅकरीने १९८४ साली पाकिस्तानातल्या नासिर बाग छावणीत शरबत गुला या अफगाण मुलीचं जे छायाचित्र घेतलं, ते निकॉनच्या १०५ एमएम एफ २.५ वर. जगभर ओळखल्या जाणाऱ्या त्या डोळ्यांना २.५ ची लेन्स पुरली. तेव्हा एफ १.२ साठी कर्ज काढण्याचा विचार मनातून काढून टाक.

हात हलण्याचं गणित, म्हणजे शटर निदान एक भागिले लेन्सचे एमएम, तुला माहीत आहे, पण क्रॉपवर ते १.६ पट वाढतं. ८५ ला किमान १/१५०, २५० ला १/४०० शटर ठेव. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुझा हात सावरतं, समोरच्या माणसाचं हलणं ते थांबवू शकत नाही. बोलत्या-हसत्या माणसाला १/२५० हवंच. मंगल कार्यालयात मात्र पंचाईत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिथले बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे पडतात. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर ते लाव. नसेल तर १/१०० वर ये, खांबाला टेक, आणि माणूस स्थिर असेल तेव्हाच बटण दाब. मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटामागे नवरी अशी स्थिर उभी असते. मंगलाष्टक संपताना अक्षता उडतात, तेव्हा तिचे डोळे मिटणार. ते क्षण सोडून दे.

आता जरा मनातलं. यंदा तू वारीला जाणार म्हणतेस. दिवेघाटात किंवा चांदोबाच्या लिंबाजवळच्या रिंगणात तुझी झूम २५ फुटांवरून एखाद्या म्हातारीचा चेहरा टिपेल आणि तिला पत्ताही लागणार नाही. असे फोटो सुंदर येतात. तरीही तू तिच्याजवळ जा, ‘माउली’ म्हण, कॅमेरा दाखव, ती हो म्हणाली की मग ८ फूट मागे ये आणि फोटो घे. आधीच टिपला असशील तर नंतर जाऊन दाखव, आणि तिला नको असेल तर तिच्यासमोर पुसून टाक. शरबत गुलाचा चेहरा १९८५ च्या जूनमध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला, जगाने पाहिला. तिने स्वतः तो पाहिला २००२ साली. हे वाचल्यापासून मला दुरून टिपलेल्या चेहऱ्यांची काळजी वाटत आली आहे. आणखी असं, की ८ फुटांवर आवाज पोचतो. तू दोन शब्द विचारतेस, ती उत्तर देते, आणि खरा चेहरा त्या उत्तरानंतरच्या श्वासात येतो. २३ फुटांवरून ओरडून बोलावं लागलं तर चेहरा ताठच राहतो.

५० वर भागत नसेल आणि ८५ हवीच असेल, तर ती जुनी घेतलीस तरी चालेल. कॅननची ८५ एफ १.८ ही १९९२ पासूनची आहे, ४२५ ग्रॅमची, आणि सेकंडहँड बाजारात सहज मिळते. तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही आणि पावणेतीन फुटांच्या आत ती फोकस धरत नाही, हे लक्षात ठेव. बघायला जाताना छोटी बॅटरी आणि तुझी बॉडी बरोबर ने. दोन्ही झाकणं काढ, मागून बॅटरीचा उजेड टाक आणि पुढून तिरकं बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. किंमत कितीही पाडली तरी घेऊ नकोस, आपल्या पावसाळ्यात ती वाढतच जाईल. दोन-चार धुळीचे कण असले तर मनावर घेऊ नकोस. मग अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का बघ, आणि दुकानातल्याच कोणाचा तरी डोळा एफ १.८ वर टिपून पडद्यावर पूर्ण मोठा करून तपास. फोकस डोळ्याऐवजी कानावर किंवा नाकावर पडत असेल तर दुसरी लेन्स माग. हूड मिळत नसेल तर वेगळा विकत घे, तिरकं ऊन अडवायला तो लागतोच. घरी आणलीस की चामड्याच्या पिशवीत ठेवू नकोस, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेव, जूनपासून सप्टेंबरपर्यंत जेल अधूनमधून गरम करून सुकव, आणि आठवड्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढून वापर. घरातलं कोणीतरी खिडकीपाशी बसलेलं असतंच.