कोआला आणि तांबेरा : झाडावरचे दोन पाहुणे

प्रश्न : कोआला आणि तांबेरा दोघेही निलगिरीवर पोसतात. मग झाडाला दोघांचा त्रास सारखाच का?

उत्तर : मुळीच नाही. कोआला हा पोटाला पिशवी असलेला सस्तन प्राणी. तो पाने तोडून खातो आणि त्याच्या सुमारे २ मीटर लांबीच्या अंधांत्रातले (आतड्याच्या एका भागातले) जिवाणू ती पचवायला मदत करतात. पाने गेली तरी झाड पुन्हा फुटते.

मर्टल तांबेरा ही बुरशी मात्र कोवळ्या पालवीत शिरते आणि जिवंत पेशींतूनच अन्न शोषते. मेलेले पान तिला चालत नाही. तिचे पिवळेधमक बीजाणू वाऱ्यावर दूरवर जातात. नवी पालवी फुटली की करपते, पुन्हा फुटली की पुन्हा करपते. मग फूल नाही, बी नाही. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही बुरशी २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात आढळली. तिथले ‘नेटिव्ह ग्वावा’ हे रानझाड तिच्यामुळे नामशेष व्हायच्या बेतात आहे. निलगिरी, पेरू, आपली जांभूळ ही सगळीही त्याच झाडाच्या कुळातली.

गंमत म्हणजे उत्क्रांतीच्या नात्याने बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची. म्हणजे तांबेऱ्याचा जवळचा नातलग निलगिरी नव्हे, कोआला!