कोणते काम कोणत्या दारी?



आपल्या देशाचा कारभार कसा चालतो, ते या धड्यात पाहू. पण आधी माझी एक चूक सांगतो.

आमच्या आळीत एक मावशी राहतात. त्यांचे यजमान वारले. मागे दीड एकर जमीन राहिली. सातबारावर यजमानांचेच नाव होते. मावशींचे नाव लागल्याशिवाय सोसायटी पीककर्ज देईना. मावशी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, एक अर्ज लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं आहे."

मी मनात म्हटले, लहान दारी कशाला जायचे? मोठ्या दारी गेले की काम लवकर होईल. मी दोन पानी अर्ज लिहिला आणि थेट दिल्लीला धाडला.

चार महिन्यांनी उत्तर आले. 'हा विषय राज्य सरकारचा आहे. अर्ज तिकडे पाठवला आहे.' एवढेच त्यात होते. तोवर मृगाचा पाऊस पडून गेला होता. मावशींनी बियाण्यासाठी सावकाराकडून व्याजाने पैसे काढले होते.

शेवटी आम्ही तलाठ्याकडे गेलो. मृत्यूचा दाखला दिला, वारसांची नावे दिली. फेरफाराची नोंद झाली. मुदतीत कोणी हरकत घेतली नाही. मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली. मावशींचे नाव सातबारावर लागले. चूक माझी होती, व्याज मात्र मावशींनी भरले.

त्या वेळी मावशींनी मला विचारले, "गुरुजी, सरकार एकच ना? मग दिल्लीच्या साहेबांनी तलाठ्याला एक शब्द सांगितला असता, तर काय बिघडलं असतं?"

प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर आपल्या राज्यघटनेत आहे.

घटना कशी तयार झाली?

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. पण तेव्हा सगळा देश एका कारभाराखाली नव्हता. काही भाग इंग्रजांच्या प्रांतांत होता. शिवाय साडेपाचशेहून अधिक संस्थाने होती. आपल्याकडेच पाहा. कोल्हापूरला छत्रपतींचे राज्य होते. मराठवाडा निजामाच्या ताब्यात होता. तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला. कोल्हापूर संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले. गोवा तर पोर्तुगीजांकडे होता. तो १९६१ साली मुक्त झाला. संस्थाने देशात सामील करून घेण्याचे मोठे काम सरदार वल्लभभाई पटेल यांनी केले.

देश कसा चालवायचा, याचे नियम ठरवण्यासाठी घटना समिती नेमली होती. तिची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी दिल्लीत झाली. डॉ. राजेंद्रप्रसाद तिचे अध्यक्ष झाले. घटनेचा मसुदा तयार करण्यासाठी २९ ऑगस्ट १९४७ रोजी सात जणांची एक समिती केली. तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ज्यांना लहानपणी शाळेत इतर मुलांपासून वेगळे बसावे लागले, त्यांनीच साऱ्या देशाच्या कायद्याचा मसुदा सभेपुढे मांडला.

सभेत एकेका कलमावर वाद झाले. सात हजारांहून जास्त दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. हे काम जवळजवळ तीन वर्षे चालले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना मंजूर झाली. २६ जानेवारी १९५० पासून ती पूर्णपणे अमलात आली. म्हणून २६ जानेवारीला आपण झेंडावंदन करतो.

घर एक, चुली वेगळ्या

घटना करणाऱ्यांपुढे दोन अडचणी होत्या. देश फार मोठा. भाषा अनेक, पिके वेगळी, चालीरीती वेगळ्या. सगळा कारभार दिल्लीतून चालवायचा म्हटले, तर तो कोकणातल्या माणसाला परका आणि आसामातल्या माणसालाही परका. ही पहिली अडचण.

दुसरी अडचण याच्या उलट होती. देशाची नुकतीच फाळणी झाली होती. लाखो माणसे घरदार सोडून आली होती. धान्याची टंचाई होती. अशा वेळी प्रत्येक प्रांत आपापल्या वाटेने गेला असता, तर देश टिकला नसता.

मग मार्ग काढला तो असा. घर एकच ठेवायचे, पण चुली वेगळ्या. देशासाठी एक केंद्र सरकार आणि प्रत्येक राज्यासाठी एक राज्य सरकार. कोणी कोणते काम करायचे, ते घटनेतच लिहून ठेवायचे. अशा रचनेला संघराज्य म्हणतात.

पण आपले संघराज्य म्हणजे भावाभावांचा करार नव्हे. करार मोडून भाऊ वेगळा निघतो. आपल्या देशात कोणत्याही राज्याला फुटून जाता येत नाही. ही गोष्ट डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत स्पष्ट केली होती. राज्यांच्या सीमा मात्र संसद कायद्याने बदलू शकते. मराठी माणसांचे एक राज्य व्हावे म्हणून मोठे आंदोलन झाले. त्यात शंभराहून अधिक लोकांनी प्राण दिले. त्यानंतर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. आज देशात २८ राज्ये आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत.

कामांच्या तीन याद्या

घटनेत कामांच्या तीन याद्या आहेत.

पहिली यादी केंद्राची. लष्कर, परदेशाशी व्यवहार, रेल्वे, टपाल, नाणी व नोटा ही कामे तिच्यात येतात.

दुसरी यादी राज्यांची. पोलीस, दवाखाने, शेती, जमीन, जमिनीचे दप्तर, ग्रामपंचायती ही कामे तिच्यात येतात. मावशींचा सातबारा याच यादीतला.

तिसरी यादी दोघांची. तिला समवर्ती सूची म्हणतात. लग्न, वारसा, कामगारांचे हित असे विषय तिच्यात आहेत. त्यांवर दोघेही कायदे करू शकतात. दोन कायद्यांत विरोध आला, तर बहुधा केंद्राचा कायदा चालतो.

१९५० साली या याद्यांत ९७, ६६ आणि ४७ विषय होते. पुढे काही विषय इकडचे तिकडे गेले. शिक्षण आणि जंगले पूर्वी राज्यांकडे होती. १९७६ साली ती दोघांच्या यादीत आली. एखादा विषय कोणत्याच यादीत नसेल, तर तो केंद्राचा.

हे वाटप बदलायचे असेल, तर केंद्राला एकट्याने बदलता येत नाही. संसदेत मोठे बहुमत लागते. शिवाय निदान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते.

कारभार कोण पाहतो?

केंद्रात राष्ट्रपती असतात. त्यांच्या नावाने कारभार चालतो. प्रत्यक्ष कारभार पंतप्रधान आणि त्यांचे मंत्रिमंडळ पाहते. कायदे संसद करते. संसदेची दोन सभागृहे आहेत. लोकसभेचे ५४३ खासदार आपण थेट मत देऊन निवडतो. त्यांतले ४८ महाराष्ट्राचे. राज्यसभेत मुख्यतः राज्यांचे प्रतिनिधी असतात. त्यांना आमदार निवडून देतात.

राज्यातही अशीच रचना आहे. राज्यपाल, मुख्यमंत्री, मंत्रिमंडळ आणि विधानसभा. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार आहेत.

तिसरे दार गावातलेच, ग्रामपंचायतीचे. १९९३ साली घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींना घटनेत पक्के स्थान मिळाले. गावचे दिवे, गटार, पिण्याचे पाणी ही कामे पंचायतीची. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक गावकरी ग्रामसभेचा सभासद असतो. तिथे सरपंचाला हिशेब विचारण्याचा हक्क त्याला आहे. महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत.

तंटा झाला तर?

दोन सरकारे म्हटली की कधी तंटा होणारच. केंद्र आणि राज्य यांच्यात किंवा दोन राज्यांत कायद्याचा वाद झाला, तर निवाडा सर्वोच्च न्यायालय करते. नदीच्या पाण्याच्या वादासाठी वेगळा लवाद नेमतात. कृष्णेच्या पाण्यासाठी असा लवाद १९६९ साली नेमला होता.

आणि एक गोष्ट सर्वांच्या वर आहे. ती म्हणजे माणसाचे मूलभूत हक्क. अस्पृश्यता घटनेने बंद केली आहे. ती पाळा, असे दिल्लीला म्हणता येत नाही, मुंबईला म्हणता येत नाही आणि गावालाही म्हणता येत नाही. हक्क मोडला, तर उच्च न्यायालयात किंवा सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते.

मावशींना दिलेले उत्तर

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. दिल्लीने एक शब्द सांगितला असता, तर काय बिघडले असते?

मी त्यांना म्हणालो, "मावशी, ज्या एका शब्दानं तुमचं नाव लागेल, त्याच एका शब्दानं ते उद्या खोडताही येईल. तेव्हा तुम्ही दिल्लीला कुणाला जाब विचारणार? म्हणून जमिनीचं काम जवळच्या सरकारकडे दिलं आहे. तलाठी ऐकत नसेल, तर तहसीलदार आहे. तोही ऐकत नसेल, तर वर प्रांत आहे. आमदार तर मत मागायला तुमच्याच दारी येतो. त्याला विचारा."

मावशी हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे दार मोठं नको, बरोबर हवं."

मावशी आता रात्रीच्या वर्गाला येतात. परवा त्यांनी आपला सातबारा वर्गात स्वतः वाचून दाखवला. आपले नाव त्यांनी दोनदा वाचले.

शब्दांचे अर्थ

राज्यघटना – देशाचा कारभार कसा चालवावा, हे सांगणारा सर्वांत वरचा कायदा
मसुदा – कच्चा लेख
समवर्ती – दोघांकडे मिळून असलेला
लवाद – तंट्याचा निवाडा करण्यासाठी नेमलेले पंच

सांगा पाहू

१. घटना कोणत्या दिवसापासून पूर्णपणे अमलात आली?
२. पुढील कामे कोणाची ते सांगा : रेल्वे, पोलीस, गावचे गटार, सातबारा.
३. कामांचे वाटप केंद्राला एकट्याने का बदलता येत नाही?
४. तुमच्या गावातले अडलेले एक काम आठवा. ते कोणत्या दारचे आहे, हे ठरवा आणि चार ओळींचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहा.