परकीय भाषेची निवड

परकीय भाषा कोणती शिकावी, हे प्रथम कामावरून ठरवावे. नाशिकजवळ ओझर येथे सोव्हिएत सहकार्याने मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. तेथील तंत्रज्ञास रशियन उपयोगी पडते. युरोपात द्राक्षे पाठविणाऱ्या बागाईतदारास डच किंवा जर्मन भाषा साह्यभूत ठरेल.

मराठी भाषकाची शिदोरी मोठी आहे. रशियन व जर्मन भाषांत मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत. मात्र मराठीत पुल्लिंगी असलेला सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी, तर रशियनमध्ये नपुंसकलिंगी आहे. म्हणून प्रत्येक नाम लिंगासह पाठ करावे. रोज अर्धा तास श्रवण, प्रकट वाचन व चार-पाच वाक्यांचे लेखन करावे. केवळ गावातील इतर मुले जातात म्हणून वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी शिक्षकांनी पालकांस एवढे अवश्य विचारावे : ही भाषा कोणाशी बोलावयाची आहे?