अगं, जरा इकडे ये

मध्यंतरी आमच्या मोठीनं दहावीचं नवं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, तीन रंगांचे स्केचपेन, पहाटे पाच ते रात्री दहा असे आखीव चौकोन. मी तोंड भरून कौतुक केलं आणि पाचच मिनिटांनी म्हटलं, "अगं, जरा कोथिंबीर घेऊन ये ना."

तुमच्याकडेही हेच चालत असणार. आपणच अभ्यासावरून उठवायचं, आणि महिनाभरानं त्या पुठ्ठ्याचा एक कोपरा लोंबायला लागला की आपणच म्हणायचं, 'आजकालच्या पोरांना वेळेची किंमतच नाही.'

सुरतेच्या बमरोलीत आपल्या घरातलं घड्याळ लूमच्या खात्यावर, म्हणजे मागाच्या कारखान्यावर चालतं. सात ते सात, बारा तासांची पाळी. हिचे पप्पा एक आठवडा दिवसपाळीला, तर पुढचा आठवडा रातपाळीला. रातपाळी असली की सकाळी ते झोपलेले, म्हणून खोलीत सगळे कुजबुजत बोलणार. मोठ्यानं पाठांतर करायची सोयच नाही. मी कोपऱ्यात साड्यांना टिकल्या लावत बसलेली. त्यात उधना स्टेशनात भुसावळकडची गाडी आली की गावाकडचं कुणी ना कुणी उतरतंच. एवढ्या सगळ्यात पोरीनं अभ्यास करायचा, आणि तोही पुठ्ठ्यावरच्या चौकोनांप्रमाणे!

एकदा जेवताना हिचे पप्पा कामाचं सांगत होते. आडवा धागा तुटला की लूमचा संचा आपोआप थांबतो. तुटलेला धागा काढायचा, नीट बसवायचा, मगच सुरू करायचा. घाई केली तर कापडावर आडवी रेघ उमटते. मजुरी मीटरवर. "सारखा थांबला तर हातात काय पडणार?" ते म्हणाले. मोठी भाकरी मोडता मोडता हळूच बोलली, "पप्पा, माझंपण तसंच होतं."

आम्ही दोघंही गप्प. भाजी वाढायला म्हणून मी उठले.

दुसऱ्या दिवशी मी मोजलं. टिकल्यांच्या डब्याच्या झाकणावर प्रत्येक हाकेला एक रेघ ओढली. तासाभरात सात रेघा! दूध बघ, मोबाईलवर काय आलंय ते वाच, पाहुण्यांना पाणी दे, सुई ओवून दे, दुकानातून साबण आण... उरलेल्या दोन तर आठवतही नाहीत, इतकी ती कामं बिनमहत्त्वाची. सातही हाका तिलाच. तिच्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान भाऊ तासभर कॅरम खेळत होता. ते मात्र न मोजताही मला माहीत होतं.

रात्री तिला विचारलं, "तुला राग येतो का गं?" म्हणाली, "राग नाही येत. पण आता हाक येईल, आता येईल, असं वाटत राहतं. मग वाचलेलं डोक्यात शिरत नाही."

हे ऐकून मला झोप लागली नाही. कारण तिच्या मागे लागतो ते आपण भीतीपोटी. आपण खानदेशातून इथे आलो ते हातांच्या जोरावर. पोरीला माझ्यासारखं साडीमागे पैसे मोजत बसावं लागू नये, एवढंच वाटतं. म्हणून 'अभ्यास कर, अभ्यास कर' हेही आपणच म्हणायचं आणि पाण्यालाही आपणच उठवायचं.

आता काय केलंय ते सांगते, पटलं तर बघा. तो पुठ्ठा उतरवला. तिनं दोन छोटे कागद केले, एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. तिची शाळा दुपारची. पप्पा दिवसपाळीला गेले की सकाळी सातनंतर खोली मोकळी असते, तेव्हा मोठ्यानं पाठांतर. रातपाळीला ते निघाले की जेवणं उरकून नऊनंतर गणितं. बाकीचे चौकोन तिनंच खोडून टाकले. मला ते खोडणं जास्त आवडलं.

ट्यूशनच्या सरांनी तिला एक युक्ती सांगितली होती. फ्रान्चेस्को सिरिलो नावाच्या इटलीतल्या एका विद्यार्थ्याचं अभ्यासात लक्ष लागेना. 1980 च्या दशकाच्या अखेरीस त्यानं स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ समोर ठेवलं. पंचवीस मिनिटं एकच काम, मग पाच मिनिटं सुट्टी. आमच्याकडे टोमॅटो भाजीतच! म्हणून जुनं गजराचं घड्याळ शोधून काढलं. मोबाईलवर गजर लावायचा नाही, असं तिनं स्वतःच ठरवलं, कारण गजर बंद करायला हातात घेतलेला मोबाईल अर्धा तास खाली ठेवला जात नाही. आणि हो, तो फक्त तिचाच नव्हे, माझाही.

तिचं घड्याळ टिकटिकत असताना साबण आणायला भाऊ जातो. कुरकुरत जातो, पण जातो.

रोज जमतं असं नाही. लग्नसराई आहे, कुणाचं तरी आजारपण आहे, नवरात्रातले गरबे आहेत. उत्तरायणाच्या दिवशी तर ते घड्याळ गच्चीवरच्या पतंगांच्या आरडाओरड्यात कुणाला ऐकू जाणार? त्या दिवशी खेळू द्यायचं, परीक्षेचं नाव काढायचं नाही. माझ्या तोंडून तरीही निघतंच, ती गोष्ट वेगळी.

आज संध्याकाळी एक तास तुम्हीही मोजून बघा. मुलांना सांगू नका, नुसत्या रेघा ओढा. माझ्या झाकणावर काल तीन होत्या.