इंजिनाचा दाब आणि गॅस्केटची निगा

नवलगुंद, कुंदगोळ व हुबळी या तालुक्यांतील काळ्या जमिनीत पेरणीचा वाफसा थोडेच दिवस टिकतो. नेमक्या त्याच दिवसांत ट्रॅक्टर सुरू होईनासा झाला, तर हंगाम हातचा जातो. अशा वेळी घाईने गॅस्केट बदलून काम भागविले जाते. परंतु मूळ दोष तसाच राहिल्यास तेच गॅस्केट पुन्हा जळते व खर्च दुप्पट होतो. म्हणून इंजिनाची परीक्षा कशी करावी, हे शेतकऱ्यांनी जाणून घेणे हिताचे आहे.

या भागाला यंत्रविद्या नवी नाही. हुबळीचा रेल्वे कारखाना एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. १८६९ साली शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून आरंभ करून १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. पुढे १९४६ साली या उद्योगसमूहाने तेल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना पुण्यास काढला.

दाब म्हणजे इंजिनाचा प्राण

पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दट्ट्या सुमारे सोळा ते बावीस पटींनी दाबतो. या दाबाने हवा ५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापते व तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. १८९७ साली रुडॉल्फ डिझेल यांनी हेच तत्त्व यशस्वीपणे सिद्ध केले. शिक्षकांनी सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबावयास सांगितल्यास नळी गरम होते व बोट सैल पडताच हवा निसटते, हे विद्यार्थ्यांना सहज कळेल.

सिलिंडर ब्लॉक व हेड यांमधील गॅस्केट जळलेला वायू, पाणी व तेल यांना एकमेकांत मिसळू देत नाही. ते फुटले की रेडिएटरमधील पाणी वारंवार कमी होते, पाण्यात बुडबुडे येतात, धुराड्यातून पांढरा धूर निघतो किंवा तेल दुधासारखे दिसते. यांपैकी एकही लक्षण दिसल्यास इंजिन चालविणे थांबवावे.

दाबाची तपासणी

एका सिलिंडरच्या इंजिनाची परीक्षा सोपी आहे. डीकॉम्प्रेशन लिव्हर सोडून हँडल सावकाश फिरविल्यास दाबाच्या वेळी स्प्रिंगसारखा विरोध जाणवला पाहिजे. हँडल सहज फिरत राहिल्यास दाब निसटत आहे, असे समजावे.

अनेक सिलिंडरांच्या इंजिनाची तपासणी दाबमापकाने करावी. इंजिन चालवून गरम करावे, बॅटरी पूर्ण भारित असावी व इंधनाचा पुरवठा बंद करावा. सर्व इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दाबमापक बसवावा व स्टार्टरने काही फेरे फिरवून आकडा टिपून घ्यावा. मापक डिझेल इंजिनासाठीच बनविलेला असावा; पेट्रोल इंजिनाच्या मापकास एवढा दाब झेपत नाही. आकडे उत्पादकाच्या पुस्तिकेशी ताडून पाहावेत. शेजारच्या दोनच सिलिंडरांत दाब कमी असल्यास त्यांमधील गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. एकाच सिलिंडरात कमी असल्यास झडप वा रिंगा तपासाव्यात. सर्वच सिलिंडरांत सारखा कमी असल्यास झीज संभवते.

गॅस्केट बदलताना

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच पाणी काढावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडेथोडे सैल करावेत. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसास घातक असल्याने ते कोरडे खरवडू नये, फुंकरीनेही उडवू नये. ओले करून काढावे. हेड व ब्लॉक यांवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने पृष्ठभागाचा वाकडेपणा मोजावा. तो पुस्तिकेतील मर्यादेबाहेर असल्यास हेड कारखान्यातून घासून घ्यावे.

बोल्टांच्या भोकांतील तेल व पाणी पुसून घ्यावे. गॅस्केट नेहमी नवे वापरावे व त्यावरील खूण पाहून बाजू उलटी न लावता बसवावे. बोल्ट मध्यापासून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने पुस्तिकेत दिलेल्या मापाइतके आवळावेत. शेवटी टॅपेटचे अंतर जुळवावे.

एवढ्याने काम संपत नाही. इंजिन तापण्याचे कारण शोधलेच पाहिजे. कचऱ्याने भरलेला रेडिएटर, सैल पंख्याचा पट्टा, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा कमी पाणी यांमुळेच बहुधा गॅस्केट जळते. म्हणून पेरणीच्या आधी या चार गोष्टी पाहून घेणे, हाच वाफसा साधण्याचा खात्रीचा उपाय होय.