संदेशाच्या तीन वाटा

प्रशांत महासागराच्या अफाट जलराशीत टोंगा नावाचे एक लहानसे द्वीपराष्ट्र आहे. त्याची लोकसंख्या अवघी एक लाखाच्या आसपास. १५ जानेवारी २०२२ रोजी तेथील समुद्रात ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. राखेचे लोट आकाशास भिडले, उंच लाटा किनाऱ्यावर आदळल्या आणि त्याच दिवशी त्या राष्ट्राचा साऱ्या जगाशी असलेला संबंध तुटला. पोटापाण्यासाठी न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया या देशांत गेलेले टोंगावासी आपापल्या घरी पुनःपुन्हा दूरध्वनी करीत होते. पण पलीकडून उत्तर येत नव्हते. आपले आईबाप सुखरूप आहेत की नाहीत, हे कळण्यास त्यांना मार्ग उरला नव्हता.

असे का व्हावे? टोंगास जगाशी जोडणारी एकच केबल होती. ती फिजी बेटांपासून सागरतळावरून सुमारे ८२७ किलोमीटर अंतर कापून आलेली होती. स्फोटाने सागरतळ ढवळून निघाला आणि ती तुटली. काही दिवसांनी उपग्रहाच्या साहाय्याने थोडेफार संभाषण होऊ लागले. केबल दुरुस्त करणारे जहाज दुरून यावे लागले. इंटरनेट पूर्ववत सुरू होईपर्यंत ३८ दिवस लोटले. टोंगाच्याच दूरच्या काही बेटांपर्यंत जाणारी दुसरी केबल दुरुस्त होण्यास तर सुमारे दीड वर्ष लागले.

जी गोष्ट एका राष्ट्राची, तीच लहान प्रमाणात प्रत्येक घराची असते. इंटरनेट म्हणजे जगभरच्या संगणकांना जोडणारे जाळे. त्या जाळ्याचा धागा घरात आणण्याच्या आज मुख्यतः तीन वाटा आहेत. एक वाट काचेच्या तंतूतून येते, दुसरी मोबाइलच्या मनोऱ्यावरून येते आणि तिसरी थेट आकाशातील उपग्रहावरून उतरते.

पहिली वाट काचतंतूची होय. यालाच लोक ‘फायबर’ म्हणतात. हा तंतू जाडीने केसाएवढाच असतो. त्याच्या गाभ्याची काच व तिच्यावरील काचेचे वेष्टन यांच्या गुणधर्मांत थोडा फरक असतो. त्यामुळे एका टोकाने आत शिरलेला प्रकाश कडेवर आदळून पुनःपुन्हा आतच परावर्तित होतो आणि तंतू वळला तरी त्याच्याबरोबर वळत पुढे जातो. प्रकाशाची उघडझाप क्षणात कोट्यवधी वेळा करून त्या लुकलुकण्यातून अक्षरे, चित्रे व आवाज पाठविले जातात. काचेतून प्रकाश एका सेकंदात सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून दिल्लीस निघालेला संदेश एवढ्या वेगाने सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आतच तेथे पोहोचू शकतो.

या शोधाच्या इतिहासात एका भारतीयाचे नाव आदराने घेतले जाते. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडन येथे हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखविले. त्यांचा हा प्रयोग १९५४ साली प्रसिद्ध झाला. परंतु त्या काळच्या काचेत प्रकाश फार लवकर विरून जाई. हा दोष काचेचा नसून तिच्यातील अशुद्ध द्रव्यांचा आहे, असे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली प्रतिपादन केले. पुढे २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. १९७० साली अमेरिकेत असा तंतू तयार झाला की, एक किलोमीटर गेल्यावर त्यात प्रकाशाचा शंभरावा भाग शिल्लक राही. त्या काळी हीदेखील मोठी मजल होती. आजच्या उत्तम तंतूत तेवढ्याच अंतरावर शंभरातील पंचाण्णव भाग शिल्लक राहतात!

फायबरची वहनक्षमता फार मोठी आहे. पावसाचा व ढगांचा तिच्यावर परिणाम होत नाही. घरातील चौघांनी एकाच वेळी चार कामे केली तरी ती सहसा अडखळत नाही. मात्र ही वाट घरापर्यंत खोदून किंवा खांबांवरून ओढून आणावी लागते. दाट वस्तीत हा खर्च अनेक घरांत वाटला जातो; डोंगरातील दहा घरांच्या वाडीसाठी तो परवडेनासा होतो. शिवाय रस्ता खोदताना कुदळीचा अथवा यंत्राचा एक घाव बसला की सारी आळी मुकी होते.

दुसरी वाट मनोऱ्याची. मोबाइल सेवेसाठी सर्व प्रदेशाचे लहान लहान भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागाचा कारभार एका मनोऱ्याकडे असतो. मनोरा रेडिओलहरींतून संदेश पाठवितो आणि घरात ठेवलेली सिमकार्डाची पेटी तो ग्रहण करून घरभर पुरविते. खोदकाम नाही, तारा नाहीत. पेटी आणून विजेस जोडली की काम सुरू. भाड्याने राहणाऱ्या अथवा वरचेवर गाव बदलणाऱ्या कुटुंबास ही सोय मोलाची वाटते. भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये पाचव्या पिढीची मोबाइल सेवा सुरू झाली, तेव्हापासून या वाटेचा वेगही पुष्कळ वाढला आहे.

परंतु मनोऱ्याची क्षमता ही गावच्या पाणवठ्यासारखी सामाईक असते. सायंकाळी सारे गाव एकदम पाण्यावर आले की प्रत्येकाची घागर सावकाश भरते. तसेच जाड भिंती, मध्ये आलेली टेकडी आणि वाढते अंतर यांमुळे लहरी क्षीण होतात. एकाच घरात खिडकीपाशी मिळणारी ‘रेंज’ माजघरात मिळत नाही, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मनोऱ्यावरून येणारा संदेश घरापर्यंत हवेतून येत असला, तरी मनोऱ्यापर्यंत तो पुष्कळदा काचतंतूनेच आलेला असतो. म्हणजे दुसरी वाट अनेकदा पहिल्या वाटेच्याच खांद्यावर उभी असते.

तिसरी वाट उपग्रहाची. पुणे जिल्ह्यातील नारायणगावाजवळ आर्वी येथे १९७१ साली उपग्रहाशी संपर्क साधणारे भूकेंद्र सुरू झाले आणि भारताचा परदेशांशी होणारा संवाद आकाशमार्गे होऊ लागला. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असलेला भूस्थिर उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने एकाच जागी टांगलेला भासतो. त्यामुळे घरावरील तबकडी एकदा त्याच्याकडे रोखली की पुरते. पण उंची एवढी प्रचंड की, प्रश्न वर जाऊन खाली येण्यास आणि उत्तर त्याच मार्गाने परत येण्यास मिळून सुमारे अर्धा सेकंद जातो. पत्र वाचणाऱ्यास हा विलंब जाणवत नाही. समोरासमोर बोलल्याप्रमाणे संभाषण करणाऱ्यास मात्र तो खटकतो.

यावर उपाय म्हणून अलीकडे सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सोडण्यात आले आहेत. ते जवळ असल्याने विलंब फारच कमी होतो. तथापि असा उपग्रह काही मिनिटांतच नजरेआड जातो. एकाने सोडलेले काम दुसऱ्याने तत्काळ हाती घ्यावे लागते व त्यासाठी हजारो उपग्रहांचा ताफा लागतो. घरावरील यंत्रही महाग पडते. त्यास मोकळे आकाश हवे. झाडाची फांदी आड आली तरी अडथळा होतो आणि मुसळधार पावसात लहरी क्षीण होतात. असे असूनही, जेथे रस्ता नाही आणि मनोराही दिसत नाही, अशा ठिकाणी पोहोचणारी वाट हीच होय.

उपग्रहाची वाट पोहोचते, पण ती सर्वांस पुरतेच असे नाही. अंदमान बेटांचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथील लोकांना दीर्घकाळ उपग्रहावरच विसंबावे लागत होते. बेटावरील साऱ्या कचेऱ्या, शाळा, रुग्णालये व घरे यांची भूक त्या अरुंद वाटेने भागत नसे. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईपासून सागरतळावरून सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची केबल कार्यान्वित झाली आणि बेटांना मोठा राजमार्ग लाभला. टोंगास तुटलेल्या केबलीच्या काळात उपग्रहाने तारले. अंदमानास उपग्रहाच्या मर्यादेतून केबलीने सोडविले.

मग घरासाठी निवड कशी करावी? दारापर्यंत फायबर येत असेल आणि घरात अभ्यास व कामकाज चालत असेल, तर बहुधा तीच वाट उत्तम. फायबर नाही, पण जवळ चांगला मनोरा आहे, तेथे मोबाइलची पेटी घ्यावी. परंतु घेण्यापूर्वी ज्या खोलीत ती ठेवावयाची त्या खोलीत, आणि तीही सायंकाळच्या गर्दीच्या वेळी, सेवा पारखून पाहावी. दोन्ही नसतील तेथे उपग्रहाचा विचार करावा. ज्या घराचा चरितार्थ इंटरनेटवर चालतो, त्याने फायबरच्या जोडीस मोबाइलची सोय हाताशी ठेवावी. तिन्ही वाटांना घरात वीज लागतेच, हेही विसरू नये.

कोणती वाट श्रेष्ठ, एवढेच विचारून उत्तर मिळत नाही. कोणाच्या घरासाठी, कोणत्या ठिकाणी आणि कशासाठी, हेही विचारावे लागते. शहाणा शेतकरी विहीर असली तरी पावसाचे पाणी अडवून ठेवतो. टोंगातील त्या ३८ दिवसांनी साऱ्या जगास हेच शिकविले. वाट कितीही उत्तम असो, ती एकटी असेल तर तिच्यावर सर्वस्वी विसंबणे धोक्याचे असते.

स्वाध्याय

१. टोंगाचा जगाशी असलेला संबंध कोणत्या कारणाने तुटला?
२. मनोऱ्याच्या क्षमतेस पाणवठ्याची उपमा का दिली आहे?
३. उंचावरील भूस्थिर उपग्रह व कमी उंचीवरील उपग्रह यांच्या गुणदोषांची तुलना करा.
४. ‘दुसरी वाट अनेकदा पहिल्या वाटेच्याच खांद्यावर उभी असते’, या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. आपल्या गावात कोणती वाट सोयीची ठरेल, ते घरातील वडीलधाऱ्यांशी बोलून दहा ओळींत लिहा.