पार्क बंद झाल्यावर

डिस्नी व्हेकेशन क्लब म्हणजे काय, हे पुण्यातल्या नातेवाइकांना सांगताना मी क्लब महिंद्राचं नाव घेते. मग फार समजवावं लागत नाही. सुट्टीच्या घरातला हिस्सा एकदा विकत घ्यायचा, दरवर्षी देखभालीचे पैसे भरायचे आणि मिळालेल्या पॉइंट्सवर राहायचं. फ्लोरिडात वॉल्ट डिस्नी वर्ल्डच्या आवारात या क्लबचं पहिलं रिसॉर्ट २० डिसेंबर १९९१ रोजी उघडलं. आज त्याला ओल्ड की वेस्ट म्हणतात. आम्ही राहतो न्यू जर्सीत, पण क्लबच्या हिशेबात आमचं ‘होम रिसॉर्ट’ ते.

या सभासदांसाठी खास मेळावे भरतात. सगळ्यात गाजलेला ‘मूनलाइट मॅजिक’, २०१७ मध्ये सुरू झालेला. इतरांसाठी पार्क बंद झालं की सभासद आणि त्यांच्या सोबतची माणसं यांच्यासाठी ते रात्री आणखी काही तास उघडं ठेवतात. बहुतेक जण याकडे फुकट मिळालेली राइड्सची रात्र म्हणून बघतात. मला ते पटत नाही. या मेळाव्यांना आपण हिस्सेदार म्हणून जातो, आणि हिस्सेदारासारखं वागलं की त्यातून बरंच काही हाती लागतं.

१. मेळाव्यांच्या मोहाने सभासद होऊ नका

नवीन कोणी विचारलं की मी हे आधी सांगते. विकत घेतलेला हिस्सा कागदोपत्री आपला असतो, त्याची मुदत लिहिलेली असते, त्यावर हक्क सांगता येतो. मेळावे, सवलती, खास बैठकीच्या जागा हे सगळं वरचं आहे. कंपनी ते आज देते, उद्या बदलू शकते, बंदही करू शकते, आणि करारात तसं स्पष्ट म्हटलेलं असतं. शिवाय ४ एप्रिल २०१६ पासून ज्यांनी कंपनीकडून थेट न घेता दुसऱ्या सभासदाकडून हिस्सा घेतला, त्यांना त्या हिश्शावर या वरच्या गोष्टी मिळत नाहीत. दुसऱ्या हाताचा हिस्सा बराच स्वस्त पडतो. मूनलाइट मॅजिकसाठी म्हणून ती मधली रक्कम मोजायची का, याचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. राहण्याचं गणित जमत असेल तर घ्या. मेळावा मिळाला तर आनंदाने जा.

२. आधी मुक्काम, मग तारीख

आपल्या होम रिसॉर्टची खोली अकरा महिने आधी धरता येते, इतर रिसॉर्ट्सची सात महिने आधी. मेळाव्यांच्या तारखा या हिशेबाने जाहीर होत नाहीत. त्यामुळे तारीख कळल्यावर खोली शोधणाऱ्याला बरेचदा हवी ती खोली मिळत नाही. नोंदणीत पहिली संधी त्या दिवसांत पॉइंट्सवर मुक्काम असणाऱ्यांना मिळते, उरलेल्या जागा बाकीच्यांना. मेळावे सहसा आठवड्याच्या मधल्या रात्री असतात. म्हणून आम्ही सुट्टी ठरवतानाच मंगळवार ते गुरुवार तिथे असू अशी ठरवतो. त्यात मेळावा आला तर उत्तम, नाही आला तरी सुट्टी सुट्टीच असते.

मेळाव्याला पार्कचं वेगळं तिकीट लागत नाही. तेव्हा त्या दिवशी सकाळी तिकीट काढून पार्कात राबू नये. दुपारी पोहावं, झोपावं. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी पाऊस ठरलेलाच. तो खोलीतून बघावा.

३. रात्र राइड्सनी भरू नका

यावर मला जरा जास्त बोलायचं आहे.

एरवी ज्या सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनसाठी तासभर उभं राहावं लागतं, ती त्या रात्री थोडक्या वेळात मिळते. साहजिकच लोक यादी घेऊन येतात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत राहतात. पोरांचे चेहरे रडवेले, आईबापांच्या नजरा फोनवर. दिवसा गर्दीत जे करायचं तेच रात्री जास्त वेगाने करायचं, तर वेगळं काय मिळवलं?

वॉल्ट डिस्नी वर्ल्डमधलं मॅजिक किंगडम हे पार्क १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलं. ते किती विचारपूर्वक रचलंय हे गर्दीत कळत नाही. मेन स्ट्रीटवरच्या इमारतींचे वरचे मजले खालच्यापेक्षा लहान मापाचे आहेत, त्यामुळे नजरेला त्या उंच वाटतात. किल्ल्याच्या वरच्या दगडांचीही तीच युक्ती. आपण ज्या जमिनीवर चालतो ती खरं तर दुसरी पातळी. तिच्याखाली कामगारांच्या ये-जा करण्याचे लांबलचक बोगदे आहेत. रस्ता मोकळा असताना मधोमध उभं राहून वर बघितलं की ही कारागिरी दिसते, आणि तिचा हेवा वाटतो.

फॅन्टसीलँडमधलं घोड्यांचं चक्र माझं लाडकं. ते डिस्नीने बनवलेलं नाही. १९१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका कारखान्यात ते घडलं, आधी डेट्रॉइटला होतं, नंतर आमच्या न्यू जर्सीत, मेपलवूड आणि अर्व्हिंग्टनच्या सीमेवरच्या ऑलिम्पिक पार्कमध्ये कित्येक वर्षं फिरलं. ते पार्क बंद पडल्यावर डिस्नीने चक्र विकत घेऊन फ्लोरिडाला नेलं. आमच्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी लहानपणी याच घोड्यांवर बसून जत्रा केली असणार. त्या रात्री रांग नसते. पुन्हा पुन्हा बसा, प्रत्येक घोड्याचं वेगळं कोरीव खोगीर बघा, मुलांना त्याची गोष्ट सांगा.

आणखी एक. एरवी सहसा न दिसणारी पात्रं या मेळाव्यांत भेटीला आणतात. माझ्या मुलीला राजकन्यांपेक्षा अशी आडबाजूची पात्रंच जास्त आवडतात, आणि ती पात्रंही तिच्याशी घाई न करता वेळ घालवतात. मिकीच्या आकाराचं आइसक्रीम, पॉपकॉर्न, थंड पेयं मोफत असतात. एक आइसक्रीम घ्या, बाकावर बसा. आमच्या घरात नियमच आहे: त्या रात्री मोजक्या राइड्स, बाकी वेळ चालणं.

४. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना घेऊन जा

हा धडा कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात सापडणार नाही, कारण तो आपल्यासारख्यांच्याच कामाचा. आई-बाबा पुण्याहून आले की पहिला आठवडा दुपारी पेंगतात आणि मध्यरात्री टक्क जागे असतात. उन्हाळ्यात फ्लोरिडात रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा पुण्यात सकाळचे साडेआठ झालेले असतात. पहाटे उठून पार्कच्या फाटकावर उभं राहणं त्यांना जमत नाही, आणि दुपारचं ऊन तर अजिबात सोसत नाही. मूनलाइट मॅजिकच्या रात्री मात्र नातवंडं डुलक्या देत होती आणि आजोबा ताजेतवाने! चहा झाल्यासारखे भराभर चालत होते.

त्यांच्यासाठी टुमॉरोलँडमधली पीपलमूव्हर ही १९७५ पासूनची सावकाश गाडी अगदी योग्य. उंचावरून टुमॉरोलँड फिरवून आणते, हिसके नाहीत, डोकं गरगरत नाही. बाबा आयुष्यभर कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात होते. त्यांनी गाडीला इंजिन नसून रुळातल्या मोटारी ती पुढे ढकलतात हे स्वतःच ओळखलं आणि पुढचा फेरा फक्त ते तपासायला मारला. आईला हात धरून फिरायला मिळालं. दोघं एरवी चारचौघांत हात धरत नाहीत.

एवढंच बघा, की परतीच्या बसचा थांबा लांब वाटू शकतो. व्हीलचेअर हवी असेल तर संध्याकाळीच ठरवून ठेवा.

५. रांगेत गप्प उभं राहू नका

सभासदांमध्ये ओळखीचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: तुमचं होम कुठलं? कुणी ॲनिमल किंगडम म्हणतं, कुणी बोर्डवॉक, कुणी साराटोगा स्प्रिंग्ज. पुढे आपोआप बोलणं वाढतं. कुठली इमारत लिफ्टजवळ, कुठल्या बाल्कनीतून जिराफ दिसतात, पॉइंट्स पुढच्या वर्षाला कधी टाकायचे, ही माहिती विक्री प्रतिनिधी देत नाही, रांगेतला माणूस देतो.

ओल्ड की वेस्टच्या एका आजींनी मला सांगितलं की त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने अगदी सुरुवातीला, रिसॉर्टची पुढची घरं बांधून व्हायची होती तेव्हा, हिस्सा घेतला. नवरा आता नाही. त्यांच्या कराराची मुदत २०४२ च्या जानेवारीला संपते. त्या म्हणाल्या, तोवर मी राहीन की नाही देव जाणे, पण नातवंडं शेवटच्या दिवसापर्यंत येतील. ओल्ड की वेस्टच्या काही हिस्सेदारांनी मुदत २०५७ पर्यंत वाढवून घेतली आहे, आजींनी नाही घेतली. बोर्डवॉक आणि बीच क्लबच्या करारांचीही तीच २०४२ ची मुदत. हा आकडा सगळ्यांना माहीत असतो, पण त्याबद्दल मोकळेपणाने बोलणारे लोक मला या मेळाव्यांतच भेटले. त्या गप्पांनंतर मी आणि नवऱ्याने घरी बसून आमच्या कराराचं शेवटचं वर्ष, वारसाचं नाव आणि दरवर्षीचा देखभाल खर्च हे एका कागदावर लिहून ठेवलं.

६. लहान जागा सोडू नका

एपकॉट या दुसऱ्या पार्कात इमॅजिनेशन पॅव्हेलियनच्या वरच्या मजल्यावर २०१६ मध्ये सभासदांची बसायची जागा सुरू झाली. थंड हवा, खुर्च्या, फोन चार्ज करायची सोय. त्याच मजल्यावर १९९८ पर्यंत मुलांचं खेळघर होतं, आणि जुने सभासद तिथे आले की कुठे काय होतं हे दाखवत फिरतात. क्लबच्याच बे लेक टॉवर या रिसॉर्टच्या सोळाव्या मजल्यावरच्या लाउंजमधून मॅजिक किंगडमची आतषबाजी दिसते.

जेवणाचं थोडक्यात: एक बेडरूमच्या घरात पूर्ण स्वयंपाकघर असतं, कुकर न्या. ॲनिमल किंगडम लॉजच्या ‘सना’मध्ये नान आणि चटण्यांचं ताट मिळतं, खिडकीबाहेर झेब्रे चरत असतात. आईने तिथली काकडीची कोशिंबीर पास केली.

७. डिसेंबरच्या सभेला बसा

सगळ्यात कमी गाजावाजा असलेला आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मेळावा हा. क्लबच्या प्रत्येक रिसॉर्टची मालकांची स्वतंत्र संस्था असते, आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीसारखी. त्यांची वार्षिक सभा डिसेंबरमध्ये भरते. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मांडलं जातं: मालमत्ता कर, वीज, घरकाम करणाऱ्यांचे पगार, दुरुस्तीचा राखीव निधी. जानेवारीत घरी जे देखभालीचं बिल येतं, त्यातली प्रत्येक ओळ इथे आधी दिसते. सभेला आइसक्रीम नसतं, त्यामुळे नोंदणीसाठी तुटून पडणाऱ्यांपैकी फार थोडे इकडे फिरकतात.

जाता येत नसेल तर निदान मतदानाचा प्रॉक्सी कागद वाचून पाठवा. संस्थेच्या निर्णयांचा सरळ परिणाम होतो. डिसेंबर २०२४ मध्ये पॉलिनेशियन रिसॉर्टला आयलँड टॉवर उघडला तो आधीच्या संस्थेतच सामील झाला, म्हणून जुन्या हिस्सेदारांना तिथलीही खोली अकरा महिने आधी धरता येते, आणि नव्यांना जुन्या हिस्सेदारांच्या खोल्याही. ज्यांनी कागद वाचले होते त्यांना हे आधीच कळलं होतं.

ओल्ड की वेस्टच्या बऱ्याच इमारतींना लिफ्ट नाही. वरच्या मजल्यावर खोली मिळाली की आईला जिना चढवत नाही, आणि १९९१ पासूनचे सभासद आता तिच्याच वयाचे झाले आहेत. येत्या डिसेंबरात राखीव निधीचा विषय निघाला की मी हा प्रश्न विचारणार आहे. रांगेत भेटलेल्या आजींनाही फोन करून बोलावलंय.